जीवनाचा उगम : विज्ञानाचे संशोधन आणि ख्रिस्तसभेची शिकवण

पृथ्वीवर पहिला सजीव केव्हा व कसा अस्तित्वात आला, ह्या प्रश्नाचा मागोवा विज्ञान गेली सुमारे साडेतीनशे वर्षे प्रयोगांच्या आधारे घेत आहे. ख्रिस्तसभा ह्याच प्रश्नाकडे त्याहून कितीतरी आधीपासून एका निराळ्या बाजूने पाहत आली आहे. ह्या दोन पाहण्यांचा परस्परसंबंध काय, त्यांत विरोध आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठे आहे, ह्याची माहिती आपल्या धर्मग्रामांतील पालकांना व धर्मशिक्षकांना एकत्रितपणे उपलब्ध व्हावी, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

लेखाला एक निमित्तही घडले. दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी आलेल्या मुलांशी बोलत असताना दहावीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, आम्ही शाळेत शिकतो ते खरे की रविवारी शिकतो ते?" महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ साली आलेल्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. त्या मुलाने हाच प्रश्न आधी दुसरीकडे विचारला होता आणि त्याला उत्तर मिळाले होते : शाळेतले परीक्षेपुरते लिही आणि विसरून जा. हे उत्तर प्रेमाने दिले गेले असेल, ह्याबद्दल मला शंका नाही. परंतु त्या उत्तराने मुलाला दोन खोट्या गोष्टी शिकविल्या. विज्ञान ही केवळ गुण मिळविण्याची सोय आहे, ही एक. आणि श्रद्धा टिकवायची असेल तर डोळे मिटावे लागतात, ही दुसरी. अशी मुले पुढे महाविद्यालयात गेल्यावर डोळे उघडतात, आणि डोळे उघडताना श्रद्धा सोडून द्यावी लागते असा त्यांचा समज झालेला असतो. त्यांचे जाणे हे विज्ञानाच्या खाती मांडू नये. ते आपल्या खाती मांडावे.

दोन निरनिराळे प्रश्न

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. उत्क्रांतीचा सिद्धान्त आणि जीवोत्पत्तीचा शोध ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८५९ साली जो सिद्धान्त मांडला, तो आधीच अस्तित्वात असलेल्या सजीवांपासून निरनिराळ्या जाती कशा निर्माण होतात ह्याविषयीचा आहे. पहिला सजीव कोठून आला, ह्याविषयी त्या ग्रंथात स्पष्टीकरण नाही. १८७१ साली आपले मित्र जोसेफ हूकर ह्यांना लिहिलेल्या एका खासगी पत्रात मात्र डार्विन ह्यांनी एखाद्या लहानशा कोमट डबक्यात योग्य रसायने एकत्र येऊन जीवनाचा आरंभ झाला असेल काय, अशी कल्पना चाचपडून पाहिली आहे. उत्क्रांतीचा पुरावा आज जीवाश्म, शरीररचना आणि जनुके अशा अनेक दिशांनी भक्कम आहे. जीवोत्पत्तीचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. एकाबद्दलची अनिश्चितता दुसऱ्याच्या माथी मारणे हा प्रवचनांतून वारंवार होणारा प्रमाद आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकाचे वाचन

बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टिनिर्मितीची दोन वर्णने शेजारी शेजारी आहेत. पहिल्या अध्यायात मनुष्य सर्वांत शेवटी निर्माण होतो. दुसऱ्या अध्यायात तो पशुपक्ष्यांच्या आधी घडविला जातो. पवित्र ग्रंथाची मांडणी करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसेल असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी दोन्ही वर्णने राखली, कारण घटनाक्रमाची नोंद ठेवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. पहिल्या अध्यायाची रचना बाबिलोनच्या बंदिवासाच्या सुमाराची, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या देशात सूर्यचंद्रांना देव म्हणून पूजिले जात होते, त्या देशात पराभूत इस्राएली लोकांनी सूर्य व चंद्र ह्यांना चौथ्या दिवशी टांगलेले दोन दिवे म्हटले. त्या काळी हे विधान किती धाडसाचे होते, हे आज आपल्या सहज लक्षात येत नाही.

सूर्य चौथ्या दिवशीचा, मग पहिले तीन दिवस कसे मोजले, हा प्रश्न आजच्या नास्तिकांनी शोधून काढलेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन ह्यांनी तो विचारला आहे. संत ऑगस्टीन ह्यांनी तर पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला आणि सहा दिवस हे चोवीस तासांचे दिवस असावेत असे त्यांना वाटले नाही. देवाने सृष्टीत आरंभीच बीजरूप शक्ती पेरून ठेवल्या आणि त्या आपापल्या काळी फलद्रूप होत गेल्या, असा त्यांचा विचार आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव जमिनीला वनस्पती उपजविण्यास सांगतो, पाण्याला जलचरांनी भरून जाण्यास सांगतो, ह्याकडे ते लक्ष वेधतात. म्हणजे देव सृष्टीला काही करावयास लावतो. त्याच ग्रंथात त्यांनी एक इशाराही दिला आहे. पृथ्वी, आकाश, ग्रहतारे ह्यांविषयी जे अनुभवाने व तर्काने सिद्ध आहे, त्याबाबत एखादा ख्रिस्ती मनुष्य बायबलचा हवाला देऊन अज्ञानाने बोलू लागला, तर बाहेरचे लोक हसतात, आणि मग पुनरुत्थानाविषयी त्याच ग्रंथाचे म्हणणे ते कसे ऐकतील, असा त्याचा आशय आहे. हा इशारा सोळाशे वर्षे जुना आहे. तो आपल्या काही प्रवचनकारांपर्यंत अजून पोहोचलेला नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

आपोआप जन्मणारे जीव

आज आपल्याला आश्चर्य वाटेल, परंतु प्राचीन व मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंतांना निर्जीवापासून सजीव उत्पन्न होण्यात काहीच अडचण दिसत नव्हती. ॲरिस्टॉटलच्या काळापासून असे मानले जाई की माशा, किडे, काही मासे हे चिखलातून वा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप जन्मतात. आपल्याकडेही जरायुज, अंडज, उद्भिज्ज ह्यांच्या जोडीला घामापासून, उष्म्यापासून जन्मणारे स्वेदज जीव सांगितले आहेतच. पहिला पाऊस पडताच बेडूक कोठून येतात, बंद डब्यातल्या तांदळाला किडे कसे होतात, हे पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरे काय वाटणार? सतराव्या शतकातील व्हान हेल्माँट हे रसायनशास्त्रज्ञ तर घामट सदरा व गहू एका भांड्यात ठेवल्यास एकवीस दिवसांत उंदीर तयार होतात, अशी कृतीच देऊन गेले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही खालच्या दर्जाचे काही जीव कुजण्यातून निपजतात, हे गृहीत धरले होते. त्यामुळे देवाच्या निर्मितीला बाध येतो असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या मते देव हा आद्य कारण आहे आणि निसर्गातील घडामोडी ही दुय्यम कारणे आहेत. सुताराच्या हातातील पटाशी लाकूड तासते, म्हणून सुताराने काही केले नाही असे आपण म्हणत नाही; आणि सुताराने केले म्हणून पटाशीने काही केले नाही असेही म्हणत नाही. दाखला माझा आहे आणि तो अपुराही आहे, कारण देव हा पटाशी बाहेरून चालविणारा कारागीर नसून पटाशीला असणे देणाराही तोच आहे. परंतु ह्या विषयावरचा निम्मा गोंधळ ही दोन कारणे एकाच पातळीवर ठेवून त्यांची कुस्ती लावल्याने होतो.

दोन धर्मगुरूंचा वाद

आपोआप जन्माच्या कल्पनेला पहिला धक्का इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी ह्यांनी १६६८ साली दिला. मांसाचे तुकडे उघड्या व कापडाने झाकलेल्या भांड्यांत ठेवून त्यांनी दाखविले की माशांना अंडी घालता आली नाहीत तर मांसात अळ्या होत नाहीत. पण लवकरच सूक्ष्मदर्शकाने जीवाणूंचे जग उघडे केले आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. माशी नाही, पण हे डोळ्यांना न दिसणारे जीव तरी आपोआप होत असतील काय?

ह्या टप्प्यावर वादात उतरलेले दोघेही कॅथलिक धर्मगुरू होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. इंग्लंडचे फादर जॉन नीडहॅम ह्यांनी १७४० च्या दशकात मटणाचा रस्सा तापवून बाटलीत बुचाने बंद केला. काही दिवसांनी तो सूक्ष्म जीवांनी भरून गेलेला दिसला. पदार्थातच जीव उत्पन्न करणारी एक शक्ती असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इटलीचे फादर लाझारो स्पालांझानी ह्यांना तो पटला नाही. त्यांनी काचेच्या कुप्यांची तोंडे वितळवून पूर्ण बंद केली, रस्सा पाऊण तासापर्यंत उकळला, आणि १७६५ साली प्रसिद्ध केले की अशा रश्श्यात काहीच उगवत नाही. नीडहॅम ह्यांचे उत्तर असे की इतके उकळल्यावर त्या शक्तीचाच नाश होतो. दोघांचा पत्रव्यवहार सभ्यतेने चालला. कोणी कोणाला पाखंडी ठरविले नाही.

गंमत पुढे आहे. ह्या धर्मगुरूंवर तुटून पडले ते ख्रिस्तसभेचे कट्टर टीकाकार व्होल्टेर. निर्जीवापासून जीव होतो हे मान्य केले तर नास्तिकांना देवाची गरज उरणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. कारण व्होल्टेर चमत्कार मानीत नसले तरी सृष्टिकर्ता मानीत होते. त्यांनी नीडहॅम ह्यांची आयरिश जेज्विट म्हणून टर उडविली. नीडहॅम आयरिशही नव्हते आणि येशूसंघीयही नव्हते. म्हणजे अठराव्या शतकात एक धर्मगुरू आपोआप जन्माच्या बाजूने आणि चर्चचा विरोधक त्याच्या विरुद्ध, अशी ही फळी होती.

शंभर वर्षांनी फळी उलटली. फ्रान्समध्ये आता आपोआप जन्म मानणे हे भौतिकवादाचे लक्षण समजले जाऊ लागले. रूआँ येथील फेलिक्स पुशे हे निसर्गशास्त्रज्ञ त्या बाजूने लिहीत होते, आणि ते स्वतः देव मानणारे होते, तरीही शिक्का बसायचा तो बसला. लुई पाश्चर ह्यांनी हंसाच्या मानेसारख्या वळविलेल्या नळीच्या कुप्या वापरून दाखविले की हवा आत जाऊ दिली पण धूळ अडविली, तर उकळलेला रस्सा नासत नाही. १८६२ साली त्यांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि ७ एप्रिल १८६४ रोजी सॉर्बोन येथे त्यांनी आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. धार्मिक मंडळींनी ह्या विजयाचा आनंद आपला म्हणून साजरा केला. पाश्चर हे कॅथलिक. पण त्याच व्याख्यानात त्यांनी सांगून ठेवले होते की येथे धर्म, नास्तिक्य, भौतिकवाद ह्यांपैकी कशाचाही प्रश्न नाही, प्रश्न केवळ वस्तुस्थितीचा आहे. त्यांचे हे म्हणणे दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे बाजूला ठेवले. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुशे गवताचा काढा वापरीत. गवतातील काही जीवाणूंची बीजाणू अवस्था उकळूनही मरत नाही, हे १८७० च्या दशकात समजले. तेव्हा पुशे ह्यांच्या कुप्यांत जीव दिसत होते ते हातचलाखीने नव्हे.

एकच वैज्ञानिक विधान एका शतकात श्रद्धेच्या विरोधात आणि दुसऱ्या शतकात श्रद्धेच्या बाजूने उभे केले जाते, तेव्हा ते विधान श्रद्धेच्या पायात घालण्याजोगा दगड नाही, हे उघड आहे.

प्रयोगशाळेतील वाटचाल

पाश्चर ह्यांनी आजचा जीव आजच्या सजीवापासूनच होतो हे दाखविले. पृथ्वीवर पहिल्यांदा काय झाले, हे त्या प्रयोगाने ठरत नव्हते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे ३४८ कोटी वर्षे जुन्या खडकांत सूक्ष्म जीवांच्या थरांच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे पृथ्वी निवल्यावर, भूशास्त्राच्या हिशेबाने, जीवन लवकरच आले.

रशियाचे अलेक्झांडर ओपारिन ह्यांनी १९२४ साली आणि इंग्लंडचे जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी १९२९ साली असे सुचविले की आरंभीच्या वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता, आणि वीज व अतिनील किरण ह्यांच्या योगे साध्या वायूंपासून जीवनाचे घटक समुद्रात साठत गेले. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले. १९५३ साली शिकागो विद्यापीठात स्टॅनली मिलर ह्या तरुण विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ एका काचेच्या उपकरणात फिरवीत ठेवली आणि त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवड्याभरात पाणी लालसर तपकिरी झाले. त्यात ग्लायसिन, ॲलनिन अशी अमिनो आम्ले होती. प्रथिने बनतात ती ह्यांचीच. त्यानंतर आरंभीचे वातावरण मिलर ह्यांच्या मिश्रणासारखे नसावे, त्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन अधिक असावा, असे मत पुढे आले. प्रयोगाचे महत्त्व त्यामुळे थोडे कमी झाले, पण संपले नाही.

अमिनो आम्ले आकाशातूनही येतात. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत ती डझनावारी सापडली. नासाच्या यानाने बेन्नू ह्या लघुग्रहावरून २०२३ साली आणलेल्या धुळीत, सजीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आणि डीएनए व आरएनए ह्यांची पाचही नत्रयुक्त मूलद्रव्ये मिळाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

विटा मिळाल्या म्हणजे घर झाले असे नाही. सजीवाला माहिती साठवावी लागते, तिची नक्कल करावी लागते आणि ऊर्जा वापरावी लागते. डीएनएला नक्कल करण्यास प्रथिने लागतात आणि प्रथिने बनविण्यास डीएनए. मग आधी कोण? १९८० च्या दशकाच्या आरंभी टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन ह्यांनी दाखविले की आरएनए हा रेणू माहितीही साठवितो आणि काही रासायनिक क्रियाही स्वतः घडवून आणतो. १९८९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे आधी आरएनएचे जग होते, ही कल्पना बळावली. दुसरे अभ्यासक १९७७ साली सागरतळाशी सापडलेल्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांकडे बोट दाखवितात. अजून कोणीही निर्जीव रसायनांपासून प्रयोगशाळेत सजीव पेशी घडविलेली नाही.

फटींत देव शोधू नये

ह्या शेवटच्या वाक्यावर येऊन थांबण्याचा मोह आपल्याला होतो. "पाहा, त्यांना जमले नाही, म्हणजे देवानेच केले." भंगाराच्या ढिगावरून वादळ गेले आणि विमान तयार झाले, असे कधी होईल काय, हा दाखला आपल्या मोबाइलवर नेहमी फिरत असतो. तो फ्रेड हॉइल ह्यांचा आहे, आणि हॉइल हे काही ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थक नव्हते. शिवाय पेशी एका फटक्यात तयार झाली असे कोणीच शास्त्रज्ञ म्हणत नाही.

ज्या फटीत आज आपण देवाला बसवू, ती फट उद्या बुजली तर देवाला कोठे हलविणार? ह्याबाबतीत एका धर्मगुरूने पोपमहोदयांनाच सावध केल्याचे सांगतात. विश्वाचा आरंभ एका अतिघन अवस्थेतून झाला, हा सिद्धान्त बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र ह्यांनी मांडला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस ह्यांनी विज्ञान अकादमीपुढील भाषणात ह्या सिद्धान्तात जणू सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली. लमेत्र ह्यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त हा भौतिकशास्त्राचा आहे, तो उद्या बदलू शकतो, आणि देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न त्याच्यावर टांगू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षीच्या खगोलशास्त्रज्ञांपुढील भाषणात पोपमहोदयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. १९६० ते १९६६ ह्या काळात लमेत्र हेच त्या अकादमीचे अध्यक्ष होते.

उद्या प्रयोगशाळेत खरोखरच एखादी पेशी घडली, तर काय? तर संत थॉमस ह्यांच्या भाषेत आपल्याला आणखी एक दुय्यम कारण कळले, असे म्हणता येईल. मे २०१० मध्ये क्रेग व्हेंटर ह्यांच्या चमूने कृत्रिमरीत्या जोडलेला जनुकसंच एका जीवाणूच्या पेशीत बसविल्याचे जाहीर केले, तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने शांतपणे त्याचे कौतुक केले आणि हा नवा जीव नसून जुन्या गाडीचे इंजिन बदलण्यासारखे आहे, अशा अर्थाचे भाष्य केले.

ख्रिस्तसभेने काय शिकविले आहे

ख्रिस्तसभेचा इतिहास येथे निर्दोष नाही. डार्विन ह्यांचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच घातला गेला नाही हे खरे. परंतु त्यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन ह्यांचे एक पुस्तक त्या यादीत होते, आणि श्रद्धा व उत्क्रांती ह्यांचा मेळ घालणाऱ्या अमेरिकेतील फादर जॉन झाम ह्यांच्या १८९६ च्या पुस्तकावर १८९८ साली रोममध्ये बंदीचा निर्णय झाला होता. तो जाहीर केला गेला नाही, एवढेच. येशूसंघीय फादर तेयार द शार्दां ह्यांना त्यांचे ईशज्ञानविषयक लेखन हयातीत प्रसिद्ध करू दिले नाही आणि मृत्यूनंतर १९६२ साली त्याबाबत सावधगिरीची सूचना काढण्यात आली.

वाट हळूहळू मोकळी झाली. १९४३ साली पोप बारावे पायस ह्यांनी बायबलमधील निरनिराळे साहित्यप्रकार ओळखून अर्थ लावण्यास अभ्यासकांना उत्तेजन दिले. १२ ऑगस्ट १९५० रोजीच्या 'हुमानी जेनेरिस' ह्या परिपत्रकात त्यांनी मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आले असेल काय, ह्याच्या अभ्यासाला मनाई नाही असे स्पष्ट केले. आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेवली. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात म्हटले की निरनिराळ्या शाखांतील स्वतंत्र संशोधन एकाच दिशेने जात असल्यामुळे उत्क्रांतीला आता केवळ एक गृहीतक म्हणता येणार नाही. त्याच संदेशात त्यांनी मर्यादाही सांगितली : मनुष्याचा आत्मा हा जड पदार्थाचे उपफळ आहे असे म्हणणारे तत्त्वज्ञान ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाही. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी उत्क्रांती की सृष्टिकर्ता, असा पर्याय उभा करणे निरर्थक असल्याचे सांगितले. २७ ऑक्टोबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी देव हा जादूची कांडी फिरविणारा जादूगार नाही, असे अकादमीपुढे म्हटले आणि तो प्राणिमात्रांना त्यांच्या आंतरिक नियमांनुसार वाढू देतो, ह्यावर भर दिला.

ही विज्ञान अकादमी म्हणजे केवळ धर्मगुरूंची बैठक नव्हे. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३६ साली तिची पुनर्रचना केली, तेव्हापासून सभासद निवडताना धर्म पाहिला जात नाही. आपले एम. जी. के. मेनन व सी. एन. आर. राव हे तिचे सभासद झाले. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वेर्नर आर्बर हे २०११ ते २०१७ ह्या काळात अध्यक्ष होते, आणि ते प्रोटेस्टंट आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने पृथ्वीबाहेरील जीवनाच्या शक्यतेवर आठवडाभर परिषद भरविली.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे नाव येथे घेतल्याशिवाय राहवत नाही. तेथील वनस्पतिसंग्रहाला ज्यांचे नाव आहे, ते फादर एथेलबर्ट ब्लाटर आणि त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड संतापाऊ हे दोघेही येशूसंघीय. फादर संतापाऊ ह्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. सह्याद्रीच्या पावसात गवताची पाती मोजीत हिंडणाऱ्या त्या धर्मगुरूंना सकाळची मिस्सा आणि दुपारचा सूक्ष्मदर्शक ह्यांत भांडण दिसले असेल असे वाटत नाही.

न सुटलेला प्रश्न

धर्मशिक्षकांनी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद २८३, २८४, ३३७, ३६६ व ३९० अवश्य वाचावेत. विज्ञानाने आपले ज्ञान समृद्ध केले आहे हे तेथे मान्य केलेले आहे. सहा दिवसांचे वर्णन प्रतीकात्मक आहे आणि पतनाच्या कथेची भाषा लाक्षणिक आहे, हेही सांगितलेले आहे. तथापि त्या लाक्षणिक भाषेमागे मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेली एक घटना आहे, असे त्याच परिच्छेदात म्हटले आहे.

आणि खरी अडचण येथे आहे. जनुकशास्त्र असे दाखविते की आजच्या मानवजातीचे पूर्वज कधी एका जोडप्यापुरते उरलेले दिसत नाहीत. ते हजारोंच्या समूहात होते. १९५० च्या परिपत्रकात, अनेक आदिपुरुष मानणारे मत आदिपापाच्या शिकवणीशी कसे जुळेल हे दिसत नाही, असे म्हटले होते. २००४ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मानवाचा उगम सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका समान वंशाच्या समूहात झाल्याचे वैज्ञानिक मत उल्लेखिले आहे आणि ते नाकारलेले नाही. हा अभ्यास म्हणजे ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण नव्हे, पण तो प्रसिद्ध करण्यास संमती देणारे तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. काही ईशज्ञानी म्हणतात की त्या समूहातील एका जोडप्याला देवाने प्रथम आत्मा दिला असेल. काही म्हणतात की आदाम हे आरंभीच्या सर्व मानवसमूहाचे नाव समजावे. मला दुसरे मत अधिक सरळ वाटते, परंतु अंतिम निर्णय झालेला नाही.

हे सर्व त्या दहावीच्या मुलाला मी सोप्या शब्दांत सांगितले. दोन्ही खरे आहे, असे त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि एक गोष्ट अजून जुळवायची राहिली आहे, हेही लपविले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, पण आदाम एकटा नसला तर पाप पहिल्यांदा कोणी केले?" मी त्याला म्हटले, हाच प्रश्न रोममध्येही चालू आहे. पुढच्या रविवारी त्याने तो वर्गात सर्वांसमोर विचारावा, असे आमचे ठरले आहे.